बायकांच्या बाजूचा पडदा

१

बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोन-दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूच्या वलांडीवर टांगायची. दात बोटांना लागतात, खारं पाणी झोंबतं आणि दुपारपर्यंत पाठीचा कणा कुणी काढून नेल्यासारखा वाटतो. नीराबाई हे काम लहानपणापासून करत आली होती. या कामात एकच गोष्ट बरी, तोंड मोकळं राहतं.

सत्तावन्न सालच्या त्या थंडीत तोंडांना शिनेमा मिळाला होता. कोळीवाड्याच्या मागच्या माळावर फिरता तंबू आला होता. पडदा तंबूच्या मधोमध. यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या मागे बायका. पंचांनीच तसं ठरवून दिलं होतं. पातळ कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. पण ते उलटं आहे हे बायकांना कसं कळणार? पुढून शिनेमा कुणी पाहिलाच नव्हता. त्यांचं आपलं पक्कं झालं होतं, की शिनेमातली माणसं झाडून सगळी डावरी. शेजारची केसर म्हणायची, तो त्यांचा नखरा आहे, त्याचेच त्यांना पैसे मिळतात. नीराबाईचा दीर चांगदेव, होडी हाकणारा म्हातारा तांडेल, एकदा समजावायला आला होता, की बायांनो, तुम्ही उलट्या बाजूनं बघता. केसरनं त्याला विचारलं, मग आम्हाला माणसं डोक्यावर उभी का दिसत न्हाईत? त्यावर तो आपलं जाळं विणायला निघून गेला.

जी तंबूत गेली नाही तिला दुसऱ्या दिवशी वलांडीखाली अख्खा शिनेमा ऐकायला मिळायचा, मतांसकट. नीराबाई एकदाही गेली नव्हती. दिवसभर उभं राहिल्यावर तिला अंधारात बसायचं म्हणजे झोप लागायची, आणि झोपायला तिच्याकडे घर होतं.

त्या आठवड्याचा शिनेमा घरसंसाराचा होता. केसरनं तो तीनदा पाहिला होता, त्यामुळे न्यायाधीश तीच. तिचं मत असं, की नायिका गरिबीनं रडते आणि अंगावर मात्र दर वेळी नवं पातळ. एक विक आणि भात शिजव ना. नायक तिला उकडलेल्या कोळंबीसारखा वाटला, तांबूस आणि वाकडा. पलीकडच्या आळीतल्या सत्यवतीला तो आवडला होता. तिला रडवणारा कुठलाही पुरुष तिला आवडायचा, नवऱ्यासकट. नीराबाईनं न बघताच मत दिलं, की शिनेमातल्या आया फार रडतात, घरात कामं नसणार.

मग गोष्ट लग्नाच्या पंगतीपर्यंत आली. सत्यवती म्हणाली, "त्या पंगतीत एकच जण नीट जेवतो बघ. अख्ख्या शिनेमात तेवढाच उजव्या हातानं जेवतो. आयशीनं वळण लावलेलं दिसतंय."

सगळ्या हसल्या. नीराबाईची सून रतन तेवढी हसली नाही. तिच्या हातातली बोंबलांची जोडी सुटून वाळूत पडली, आणि ती उचलायला ती वाकलीही नाही.

२

रतन चोवीस वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला तिचा नवरा तुळशीराम होडीसकट गेला. होडीवर पाच माणसं होती. चौघं किनाऱ्याला लागले, फुगलेले का होईना, पण लागले. तुळशीराम लागला नाही. महिनाभर नीराबाई ओहोटीला वाळू तुडवत फिरली, आणि मग एके सकाळी तिनंच रतनच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, थांबायचं थोडं. नीराबाईनं विचारलं, कुणासाठी?

आता रतनचा पाट ठरला होता. विधवेचं दुसरं लग्न, फार वाजवायचं नाही, पहाटे उरकायचं. मुलगा रेवसचा अनंता, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दारू न पिणारा. नीराबाईनं स्वतः जाऊन बोलणी केली होती. सासू सुनेला दुसऱ्याच्या घरी देते म्हणून तिच्यावर लोक बोलले, आणि तिनं त्यांना तोंडावर उत्तरं दिली. पोरगी तिला आपल्यासारखी वलांडीवर वाळवायची नव्हती. शनिवारी पाट. मधे पाच दिवस.

त्या संध्याकाळी रतन पुन्हा तंबूत गेली. आल्यावर नीराबाईनं तिच्यापुढे ताट सरकवलं.

"जेवले मी, आये," रतन म्हणाली.

केसरकडे जेवली असेल, असं नीराबाईला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नीराबाईनं केसरला विचारलं, तर केसर उलट रुसली. म्हणाली, तुझी सून माझ्याशी धड बोलत न्हाय, जेवंल कशाला? तंबूत पार पुढं जाऊन बसते, पडद्याला नाक लावून.

रात्री रतन झोपली तेव्हा नीराबाईनं तिचा हात उचलून वास घेतला. त्या घरात माणसांना, गोधड्यांना, देवालाही मासळीचा वास होता. रतनच्या बोटांना साजूक तुपाचा वास येत होता. साखरभाताचा. कोळीवाड्यात त्या आठवड्यात कुणाच्याही घरी लग्न नव्हतं.

३

सकाळी तिनं आडवळण न घेता विचारलं. रतननंही लपवलं नाही.

"ते हायत तिथं. पंगतीत बसलेत. वर बघत न्हाईत, नुसते जेवतात. एकटेच जेवतात, आये."

नीराबाईच्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? हेच, की पोरीचं मन चळलंय. पाटाच्या आधी बायांचं असं होतं. दुसरं आलं ते जास्त वाईट होतं. मुंबईत पंगतीत बसायला, गर्दीत उभं राहायला माणसं रोजावर घेतात, हे केसरनंच सांगितलं होतं. समजा, पोरगा मेलाच नाही. समजा, चार वर्षं मुंबईत राहतोय, दुसऱ्यांच्या लग्नाचा भात खातोय आणि आईला एक चिठ्ठी टाकत नाही. मग शनिवारचा पाट कसला? नवरा जिवंत असताना बायको दुसऱ्याला दिली म्हणून अख्खी जात तोंडात शेण घालेल. आणि घालू दे. पण तुळशा जिवंत आहे या विचारानं तिच्या पोटात आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

ती चार यत्ता शिकलेली बाई. गोष्ट हातानं तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तंबूवाल्यानं वाटलेला जाहिरातीचा कागद घरात होता. त्यावर नायकाचं चित्र होतं, उजव्या हातात काठी. नीराबाईनं तो कागद दारात उन्हाकडे धरला आणि मागून पाहिला. काठी डाव्या हातात गेली. पुन्हा पुढून पाहिला, उजव्या. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. चांगदेव खरं बोलत होता. मागून बघितलं की उजवं ते डावं होतं, सगळ्यांचंच होतं. कापडावर जो कुणी आहे, त्याचं व्हायलाच पाहिजे.

मग ज्याचं होत नाही, तो कापडावर नाही. तो कापडाच्या अलीकडे आहे. बायकांच्या बाजूला.

तिनं कागदाची घडी केली आणि चुलीत घातली. बोंबलांच्या पाट्या दारात तशाच होत्या, त्यांवर माश्या बसत होत्या.

४

गुरुवारी ती दिवेलागणीच्या खेळाला गेली. केसरला वाटलं म्हातारीला शेवटी शौक लागला, आणि तिनं आपल्या शेजारी जागा धरली. बायकांच्या बाजूला वाळूवर पोती अंथरली होती. पलीकडे यंत्र घरघरत होतं. पडद्यातून यंत्राचा डोळा थेट समोर दिसायचा, पांढरा, टोचणारा. त्याच्याकडे बघितलं की मग कितीतरी वेळ अंधारात हिरवे ठिपके हलायचे. नीराबाईनं ठरवलं, जे काही दिसेल त्यातून हे ठिपके वजा करायचे.

पहिला तासभर तिला काही कळलं नाही. माणसं बोलत होती, गात होती, डाव्या हातानं रामराम घालत होती. केसर मधून मधून सांगत होती, आता ही रडणार, आता तो घोडा येणार. रतन सगळ्यांच्या पुढे, एकटी, मांडी घालून बसली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती.

पंगत आली. मांडवाखाली दोन रांगा, वाढपी धावताहेत, सनई. पुढच्या रांगेत एक जाडा माणूस, पलीकडे टोपीवाला पोरगा, आणि त्या दोघांच्या मधे एक जण मान खाली घालून जेवत होता. उजव्या हातानं. बाकीचे हसत होते, बोलत होते, एकमेकांच्या पानात जिलबी टाकत होते. तो फक्त जेवत होता. भाताचा घास करायचा, अंगठ्यानं दाबायचा, मग तोंडात. अंगठ्यानं दाबायची ती खोड नीराबाईनं त्याला चार वर्षांचा असताना चिमटे काढून मोडायला बघितली होती. मोडली नव्हती.

वर बघ, असं तिनं मनात म्हटलं. मग लगेच म्हटलं, नको बघूस.

त्याच्या शेजारी एक पान मांडलेलं होतं. वाढलेलं होतं, भात, वरण, तूप. पुढे कुणी बसलेलं नव्हतं. पंगत चालूच होती, तिच्यात नायक आला, भांडण झालं, पण त्या पानावरून नीराबाईची नजर निघेना. मग तिनं रतनकडे पाहिलं. अंधारात रतनचा उजवा हात जमिनीकडे जात होता आणि तोंडाकडे येत होता. सावकाश. अंगठ्यानं दाबून.

५

नीराबाई उठली. केसरच्या पायावर पाय पडला, केसर ओरडली, तिनं लक्ष दिलं नाही. तंबूला वळसा घालून ती पुरुषांच्या बाजूला शिरली. बाई आली म्हणून दोघं-तिघं मागं वळले. कुणीतरी म्हणालं, मावशे, बायका तिकडं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं सरकून जागा दिली. चांगदेव तिथंच बसला होता. तिनं त्याला पंगतीकडे बोट दाखवलं.

"भावजी, त्या जाड्याच्या शेजारी कोण बसलंय?"

"कोण न्हाय. जागा मोकळी हाय." चांगदेव डोळे बारीक करून बघत राहिला. "आठवडाभर मोकळीच हाय. मला वाटतं, कुणी उठून गेला असंल."

पुढून सगळे उजव्या हातानं जेवत होते. जाडा होता, टोपीवाला पोरगा होता, आणि मधे जमिनीचा एक तुकडा. तिथं पान नव्हतं, माणूस नव्हता. पण त्या जागेवर कापड आत दबलेलं होतं. पलीकडून कुणीतरी तळहात टेकवला होता. पाचही बोटं दिसत होती. त्याच्या शेजारी दुसरा तळहात होता, मोठा.

नीराबाई परत कशी गेली, तिला आठवत नाही. मधल्या बायका म्हणाल्या, ती त्यांना तुडवत गेली. रतन पडद्याला चिकटून उभी होती. तिथं दुसरं कुणी नव्हतं. नीराबाईनं तिचं मनगट धरलं, ते ओल्या दोरासारखं गार होतं. तिनं ओढलं, आणि ओढताना तिला स्पष्ट जाणवलं, की पोरीचा दुसरा हातही कुणी धरलाय. जोर लावून नाही. जेवायला बसवताना माणूस धरतो तसं.

"सोड रं तिला," नीराबाई म्हणाली, घरात बोलते त्याच आवाजात. "ती माझी हाय आता. तुझी न्हाय."

सुटली.

रात्रभर ती दाराला पाठ लावून बसली. रतनच्या ओठाला भाताचं एक शीत होतं, ते तिनं पदरानं पुसलं. पहाटेच्या सुमाराला रतन रडली. म्हणाली, ते एकटे जेवतात. नीराबाई म्हणाली, जेवू दे. सकाळी रतननं दोन भाकऱ्या आणि कालचं कालवण खाल्लं, वरून तिसरी भाकरी मागितली. तेव्हा कुठं नीराबाईनं भिंतीला डोकं टेकलं.

शनिवारी पहाटे पाट झाला. अनंतानं साधं हिरवं लुगडं आणलं होतं. निघताना रतन सासूच्या गळ्यात पडली, आणि नीराबाईनं तिला दोन्ही हातांनी ढकलून गाडीत बसवलं. मागं बघू नको म्हणाली. पोरगी गुणाची, तिनं बघितलं नाही.

६

तंबूत नवा शिनेमा आला. तंबू आणखी आठवडाभर राहणार होता. वलांडीखाली एक माणूस कमी झालं होतं, बाकी बोंबील तेवढेच. नीराबाईला चार दिवस झोपेचं ओझं होतं. हात आपोआप चालत होते, केसरचं बोलणं लाटेसारखं येत होतं, जात होतं.

केसरला नवा शिनेमा पसंत नव्हता. राजा-राणीचा होता म्हणे. राजाचं पोट मुकुटाच्या पुढं येतं, राणी नाचताना श्वास लागलेला दिसतो, आणि तलवारी लाकडाच्या, वाजतात टक टक. सत्यवती म्हणाली, पण तो लाँचमधनं उतरतो तेवढं चांगलं घेतलंय.

नीराबाईचे हात थांबले.

"कोण उतरतो?"

"हाय एक जण. मान खाली घालून उतरतो. धक्क्यावर पायऱ्या हायत, शेवाळलेल्या, आपल्या रेवससारख्या." सत्यवतीनं जोडी टांगली. "लोकांना थांबवून काय तरी विचारतो. त्याचं बोलणं ऐकू येत न्हाय, यंत्र बिघडलं असंल. मग एक बाई त्याला घर दाखवते. दाराला आंब्याची पानं लावलेलं, नवीन लग्नाचं घर. तो तिकडं जातो, आणि मग एकदम राजा येतो."

केसर म्हणाली, तेच तर, कशाचा कशाला मेळ न्हाय.

नीराबाई तशीच, हाताला खवलं लागलेली, चांगदेवच्या दारात गेली. तो उन्हात जाळं विणत बसला होता. तिनं विचारलं, नव्या शिनेमात लाँच हाय का? चांगदेवनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"वयनी, रामायणाच्या वेळचा राजा दाखवलाय. तिथं लाँच कुठली?"

ती घरी गेली. हात धुतले, लुगडं बदललं. निघताना शेजारणीला सांगितलं, बोंबील काढून घे, मला उशीर होईल.

७

रेवसला ती भर दुपारी पोचली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच अजून लांब होती, पाण्यावर काळा ठिपका. अनंताचं घर धक्क्यापासून शंभर पावलांवर. दाराला आंब्याची पानं होती, अजून हिरवी. अंगणात रतन नव्या सासूबरोबर सुकट पाखडत होती. सासू काहीतरी बोलली आणि रतन हसली. तोंडाला पदर न लावता हसली. चार वर्षांत नीराबाईनं ते हसणं ऐकलं नव्हतं. ती हाक मारायला गेली नाही. ती धक्क्याच्या वरच्या पायरीवर जाऊन वाट अडवून उभी राहिली.

थकली होती. गुडघे दुखत होते. मनात म्हणत होती, बायका काहीही बघतात. केसरला तर राजाच्या पोटातही काहीतरी दिसतं. एक लाँच रिकामी होऊ दे, म्हणजे येष्टी धरून परत जाते आणि झोपते.

लाँच लागली. फळी टाकली. माणसं उतरली. भाजीवाली, दोन वकील छत्र्या घेऊन, एक मुसलमान म्हातारा कोंबड्यांच्या खुराड्यासकट, शाळेचे मास्तर. नीराबाईनं प्रत्येकाचं तोंड पाहिलं. सगळे तिला वळसा घालून वर गेले. फळीवर कुणी उरलं नाही. खलाशी दोर आवरायला वाकला.

फळी पुन्हा एकदा दबली. मधोमध, माणूस चालल्यासारखी, आणि सावकाश वर आली. खलाशानं मान वर केली नाही.

नीराबाईला खालच्या पायरीकडे बघवेना. तिनं समोर खाडीकडे बघितलं. तिच्या पुढ्यात हवा ओली झाली, चार वर्षं पाण्यात राहिलेल्या दोरासारखा वास आला, आणि त्या वासात खाली कुठेतरी साजूक तूप होतं. तो तिच्यापाशी येऊन थांबला होता. विचारणार होता. तोंड उघडलेलं तिला जाणवलं.

तिनं त्याला विचारू दिलं नाही.

"तिकडं कुणी न्हाय तुझं," ती हळू म्हणाली. "तिला तिच्या वाटेला लागू दे. आई हाय ना मी? चल माझ्यासंगं."

आणि ती वळली. मागं बघितलं नाही. येष्टीच्या थांब्यावर ती थांबलीच नाही. येष्टीत त्याला कुठे बसवणार? घर पाच-सहा कोस, रस्ता उन्हाचा, आणि तिच्यात जेवढी ताकद होती ती सकाळीच वलांडीखाली संपली होती. तरी ती चालत राहिली. फार भरभर नाही, मागच्याला येता यावं इतपत.

बाजाराहून परतणारी माणसं समोरून येत होती. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, बैलगाडीवाला, एक सायकलवाला. म्हाताऱ्या बाईला वाट द्यायला ते बाजूला होत होते. एका बाईला लागते त्याहून जरा जास्तच बाजूला होत होते.